रंगीत खडे घडविण्याचा छंद

रत्न हा शब्द कानांवर पडला कीं हिरा, माणिक आणि पाचू यांच्या तेजाबरोबर सराफाची तिजोरी आणि आपल्या ऐपतीबाहेरच्या किंमतीही डोळ्यांपुढें उभ्या राहतात. आज ज्या खड्यांविषयीं मी बोलणार आहें, ते या श्रीमंत घराण्यांतले नव्हेत. ते आपल्या नद्यांच्या वाळवंटांत, नांगरलेल्या शेतांत आणि विहिरी खणतांना निघालेल्या मुरुमांत पडलेले असतात. आपण त्यांना गारगोट्या म्हणतों आणि पायानें बाजूला सारतों. परंतु त्यांतलीच एखादी गारगोटी कापून, घासून आणि घोटून हातांत घेतली, तर तिच्या पोटांतून मधासारखा पिवळा, विटकरी, दुधी किंवा शेवाळी रंग असा कांहीं उजळून निघतो, कीं कालची पायांखालची गारगोटी ती हीच, यावर विश्वास बसूं नये. हें रूपांतर घरच्या घरीं, स्वतःच्या हातानें घडवून आणणें हा देशोदेशींच्या अनेक माणसांचा आवडता छंद आहे. तो कसा करावा, त्यांतलें शास्त्र काय, आणि त्यांत जपावयाचें तें कशाला, एवढें आज आपल्याला सांगावयाचें योजिलें आहे.

खड्याला घाट देण्याचे मुख्य प्रकार दोन. एक पैलूंचा आणि दुसरा घुमटाचा. पारदर्शक रत्नांत वरून शिरलेला प्रकाश तळच्या पैलूंवर आदळून पुन्हा वर परततो, म्हणून तेथें पैलूंना महत्त्व. पण जो खडा अपारदर्शक किंवा अर्धपारदर्शक आहे, त्यांत प्रकाशाचा हा खेळ चालत नाहीं. त्याचें वैभव त्याच्या रंगांत आणि अंगावरील नक्षींत असतें, आणि तें दाखविण्यास सपाट बूड व गुळगुळीत फुगीर पाठ हाच घाट उत्तम. या घाटाला कॅबोशाँ असें फ्रेंच नांव असून तें ‘डोकें’ या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आलें आहे. आपण त्याला घुमटी खडा म्हणूं. पैलू पाडण्याची विद्या युरोपांत चौदाव्या-पंधराव्या शतकांत वाढीस लागली. तोंपर्यंत राजेरजवाड्यांचीं रत्नेंसुद्धां बहुधा घुमटीच असत. इंग्लंडच्या राजमुकुटांत ‘ब्लॅक प्रिन्सचें माणिक’ या नांवानें मिरविणारा तांबडा खडा वस्तुतः माणिक नसून स्पिनेल आहे, आणि तो आजही पैलूंवांचून, नुसता घोटलेलाच आहे.

या छंदासाठीं महाराष्ट्रासारखी भूमि क्वचित्. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं या प्रदेशावर लाव्हा रसाचे थरांवर थर पसरले आणि त्यांचाच आपला काळा पाषाण झाला. आजही जवळजवळ ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनीं आच्छादलेला आहे. रस निवत असतांना त्यांतल्या वायूंचे बुडबुडे आंतच अडकून राहिले आणि खडकांत पोकळ्या झाल्या. पुढें खडकांतून झिरपणाऱ्या पाण्यानें आपल्याबरोबर विरघळलेली सिलिका आणली, आणि त्या पोकळ्यांच्या भिंतींवर ती कणाकणानें बसत गेली. अशा रीतीनें जो थराथरांचा दगड तयार झाला तोच अकीक. त्याचे स्फटिक इतके सूक्ष्म असतात कीं नुसत्या डोळ्यांना तो एकजीवच भासतो. पोकळी पुरती भरली नाहीं तर मध्यभागीं उघडे स्फटिक दिसतात, आणि ते जांभळे असले तर त्यांना आपण कटेला म्हणतों. पाण्यांतून आलेल्या लोहाच्या अंशांनीं दगडाला पिवळा व तांबडा रंग चढतो. शेवाळी अकीकांत जें शेवाळ दिसतें, तें वनस्पति नसून खनिजांचे तंतु असतात. काळा पाषाण ऊन-पावसानें झिजून त्याची माती होते, पण अकीक टणक असल्यामुळें मागें उरतो आणि पुरांबरोबर गोदावरी, भीमा, कृष्णा यांच्या पात्रांत जाऊन पडतो.

या दगडांची ओळख आपल्या भूमीला फार जुनी आहे. नेवाशाजवळ प्रवरेच्या कांठीं अश्मयुगीन माणसानें अकीक आणि त्याच्या जातीच्या दगडांचीं हत्यारें केलीं होतीं. १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखालीं तेथें उत्खनन झालें, आणि त्या स्थळाचें नांव पुरातत्त्वाच्या ग्रंथांत कायमचें नोंदलें गेलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतला पेरिप्लस नांवाचा ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो, कीं पैठणहून पट्ट्यापट्ट्यांचा हा दगड गाड्यांतून भडोच बंदराला जात असे. त्याहूनही मागें गेलों तर सिंधु संस्कृतींतल्या कारागिरांनीं घडविलेले लांबट तांबडे मणि इराकांतील ऊर येथल्या राजथडग्यांत सांपडले आहेत. चन्हु-दडो येथें १९३५-३६ सालीं अर्नेस्ट मॅके यांना मणिकारांच्या कर्मशाळाच मिळाल्या. तीच परंपरा गुजराथेंत खंबायत येथें अद्यापि चालू आहे. भडोच जिल्ह्यांतील रतनपूरच्या आसपासचा दगड तेथें जातो. उन्हांत सुकवून आणि मडक्यांत घालून तो भाजला, कीं त्यांतल्या पिवळ्या लोहखनिजांतलें पाणी उडून जातें आणि दगड लाल होतो. मग जमिनींत रोवलेल्या लोखंडी टोंकाच्या मेखेवर दगड टेकवून, शिंगाच्या डोक्याचा हातोडा हलकेंच मारीत कारागीर त्याचे टवके उडवितो आणि त्याला ओबडधोबड मण्याचें रूप देतो. खंबायतची आणखी एक कथा आहे. ती पुढें सांगेन, कारण ती प्रत्येक हौशी माणसानें ऐकिलीच पाहिजे.

आतां पहिला प्रश्न असा, कीं दगड निवडावा कसा? नदीकांठीं गेल्यावर प्रथम तो पाण्यांत बुडवून पाहावा. ओला दगड आपला खरा रंग दाखवितो. त्यानंतर तो उन्हाकडे धरून आंत तडा आहे कीं काय तें पाहावें. बारीक तडासुद्धां घासतांना दगा देतो, आणि सारा श्रम झाल्यावर खडा दोन तुकडे होऊन हातांत येतो. पांढरा दिसणारा प्रत्येक दगड अकीक नसतो. आपल्या काळ्या पाषाणांत कॅल्साइट नांवाचें मऊ खनिजही विपुल आहे. चाकूच्या टोंकानें ओरखडा पडला तर तें कॅल्साइट समजावें. अकीकावर चाकू चालत नाहीं, उलट अकीकच काचेवर ओरखडा काढतो. एक पथ्य मात्र पाळावें. पैठण, तेर, नेवासें यांसारख्या ठिकाणच्या जुन्या पांढरींवरून मणि किंवा दगडांचे तुकडे उचलूं नयेत. ते तेथें पडलेले आहेत तोंवर इतिहासाचा पुरावा आहेत. आपल्या खिशांत आल्यावर ते नुसते खडे होतात.

बाजारांतून दगड विकत घेणाऱ्यानेंही थोडें सावध असावें. अकीकाला अतिसूक्ष्म छिद्रें असतात आणि तो रंग पितो. झगझगीत निळा किंवा गुलाबी अकीक दिसला तर तो बहुधा रंगविलेला आहे असें समजावें. काळा अकीकही पुष्कळदां साखरेच्या पाकांत मुरवून मग गंधकाम्लानें ती साखर आंतल्या आंत जाळून केलेला असतो. त्यांत घडविण्याच्या दृष्टीनें कांहीं बिघडत नाहीं, पण आपण काय घेतलें हें आपल्याला ठाऊक असावें.

खडे घडविण्याच्या सर्व विद्येचा पाया एका साध्या नियमावर आहे: टणक वस्तु मऊ वस्तूला घासते, मऊ वस्तु टणक वस्तूला घासूं शकत नाहीं. फ्रीड्रिख मोस या खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं टणकपणाचे दहा दर्जे ठरविले. शंखजिरें पहिल्या दर्जाचें आणि हिरा दहाव्या. अकीक साडेसहा ते सातवर बसतो, चंद्रकांत सहावर, पिरोजा पांच ते सहांच्या मध्यें, राजावर्त पांचच्या आसपास, आणि माणिक व नीलम नऊवर. म्हणून अकीक घासण्यास त्याहून टणक द्रव्य पाहिजे. पूर्वीं तें काम कुरुंद करीत असे. माणिक ज्या खनिजाचें, त्याचाच हा ओबडधोबड भाऊ. १८९१ सालीं एडवर्ड अॅचेसन यानें विजेच्या भट्टींत सिलिकॉन कार्बाइड तयार केलें आणि कुरुंदाहून टणक असें द्रव्य स्वस्तांत मिळूं लागलें. आतां हिऱ्याचे कण बसविलेलीं चाकेंही हौशी माणसाच्या आवाक्यांत आलीं आहेत.

परंतु चाकाला हात लावण्यापूर्वीं खंबायतची ती राहिलेली कथा ऐकावी. अकीक म्हणजे सिलिका. तो कोरडा घासला कीं त्याची धूळ उडते, आणि त्या धुळींतले जे कण सर्वांत घातक, ते डोळ्यांना दिसतच नाहींत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असलेले हे कण श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात, आणि तेथें कायमचे व्रण उत्पन्न करतात. या विकाराला सिलिकोसिस म्हणतात. एकदां झालेली हानि कोणत्याही औषधानें भरून येत नाहीं, आणि अशा फुफ्फुसांत क्षयाला सहज घर मिळतें. खंबायतच्या घराघरांतून साणेवर वांकून बसलेल्या कारागिरांना या रोगानें पिढ्यान्पिढ्या ग्रासलें आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनें त्यांच्या तपासण्या करून ही गोष्ट शास्त्रीय रीत्या उजेडांत आणली. जो साणेवर बसतो तोच नव्हे, तर त्याच खोलींत वावरणारीं बायकामुलेंही ती धूळ श्वासांत घेतात. जर्मनींत ईडार येथें वाळूच्या दगडाच्या प्रचंड चाकांवर पोटावर आडवें पडून अकीक घासणाऱ्या कामगारांचीही हीच दैना झाली होती. आपल्या बोटांतल्या अंगठीचा खडा स्वस्त असतो, तो पुष्कळदां कोणाच्या तरी श्वासाच्या मोलानें.

यावर उपाय आहे, आणि तो अगदीं साधा आहे. तो म्हणजे पाणी. चाकावर सतत पाण्याची धार असली म्हणजे धूळ उडण्यापूर्वींच चिखल होऊन खालीं बसते. पाण्यानें दगड थंड राहतो, तडकत नाहीं, आणि चाकही अधिक टिकतें. म्हणून हा नियम पहिला आणि शेवटचा समजावा: कोरडा दगड चाकाला लावावयाचा नाहीं, एका क्षणापुरताही नाहीं. पाण्याचे तुषारही श्वासाबरोबर आंत जाऊं शकतात, म्हणून नाकातोंडावर बारीक कण अडविणारी चांगली मुखपट्टी बांधावी. पातळ रुमाल त्या कामाचा नव्हे. डोळ्यांवर चष्मा असावा. टेबलावरचा चिखल ओला असतांनाच पुसून काढावा, कारण वाळला कीं त्याची पुन्हा धूळच होते. तो मोरींत ओतूं नये, तेथें तो दगडासारखा घट्ट बसतो. पाणी आणि वीज यांची जवळीक धोक्याची, तेव्हां यंत्राला जमिनीची जोडणी आहे ना, हें जाणत्याकडून पाहून घ्यावें. पदर, सैल बाही, गळ्यांतली माळ आणि मोकळे केस फिरत्या चाकापासून दूर ठेवावे.

एवढी तयारी झाली म्हणजे कामाला लागावें. पहिलें काम काप काढण्याचें. यासाठीं जी करवत वापरतात ती पातळ धातूची चकती असते. तिला दांते नसतात. तिच्या कडेला हिऱ्याचे कण दाबून बसविलेले असतात, आणि ती दगड कापीत नाहीं, तर घासून त्यांतून वाट काढते. म्हणून दगड जोरानें रेटूं नये. पांच ते सहा मिलिमीटर जाडीचा काप साधारण खड्याला पुरतो. काप कोणत्या दिशेनें काढावा यांत मात्र सारी अक्कल आहे. थरांना आडवा छेद दिला तर सुंदर पट्टे दिसतात. थरांच्या समांतर कापलें तर तोच दगड सपाट, एकरंगी निघतो. एखाद्या ठिकाणीं थर वाटोळे फिरलेले असले तर नेमक्या जागीं कापल्यास त्यांचा डोळा होतो. कापण्यापूर्वीं दगड ओला करून हातांत फिरवीत बसलेला माणूस वेळ दवडीत आहे असें समजूं नये. तो सर्वांत महत्त्वाचें काम करीत असतो.

कापावर आतां खड्याची रेषा आंखावयाची. यासाठीं लंबगोल भोकें पाडलेला सांचा मिळतो. कोंदणें ठराविक मापांचीं असतात, म्हणून १८ गुणिले १३, २५ गुणिले १८, ४० गुणिले ३० मिलिमीटर अशीं मापें प्रचारांत आहेत. रेषा शिसपेन्सिलीनें काढली तर पाण्यानें धुऊन जाते. अॅल्युमिनियम किंवा पितळेच्या टोंकदार तारेनें काढलेली रेषा टिकते. सांचा कापावर इकडेतिकडे सरकवून नक्षीचा उत्तम भाग नेमका मध्यें आणावा, तडा असेल तो रेषेबाहेर टाकावा, आणि रेषेच्या बाहेर एकदोन मिलिमीटर जागा सोडून तुकडा कापून घ्यावा.

एवढासा तुकडा बोटांत धरून घासणें कठीण, म्हणून तो काडीवर चढवितात. चार-पांच इंच लांबीची लांकडी काडी घ्यावी आणि तिच्या टोंकाला लाख लावावी. शिक्के मारण्याची लाखही चालते. दगड मंद आंचेवर गरम करावा, लाख वितळली कीं काडी त्याच्या पाठीशीं नीट मध्यावर टेकवावी, आणि ओल्या बोटांनीं लाखेला शंकूसारखा आकार देऊन दगडाला सर्व बाजूंनीं आधार द्यावा. दगड थंड असेल तर लाख धरत नाहीं आणि ऐन वेळीं खडा सुटून उडतो. एकाएकीं फार तापविला तर तो तडकतो. ही मधली वाट दोन-चार खड्यांनंतर बोटांनाच कळूं लागते.

नंतरचें काम घासण्याचें. चाकांना आणि कागदांना क्रमांक असतात. ज्या चाळणींत एका इंचाच्या लांबींत ८० भोकें, तिच्यांतून उतरणाऱ्या कणांना ८० क्रमांक म्हणतात. म्हणजे क्रमांक जितका मोठा तितका कण बारीक. आरंभ ८० किंवा १०० क्रमांकाच्या चाकावर करावा. प्रथम कड आंखलेल्या रेषेपर्यंत उभी घासून घ्यावी. बुडाची धार अगदीं किंचित् मोडावी, नाहीं तर तिचे टवके उडतात आणि खडा कोंदणांत नीट बसत नाहीं. मग कडेवर, बुडापासून साधारण एक-तृतीयांश उंचीवर, सर्व बाजूंनीं एक रेषा काढावी. या रेषेच्या वरच्या भागाला ४५ अंशांचा उतार द्यावा. त्याच्या वर आणखी एक, कमी तिरपा उतार द्यावा. असे दोन-तीन उतार झाले कीं त्यांच्यामधल्या धारा मोडीत मोडीत घुमट आपोआप तयार होतो. या वेळीं काडी हातांत सारखी फिरती ठेवावी. एका जागीं क्षणभर थांबलें कीं तेथें सपाट डाग पडतो, आणि तो खड्यावर दिवा चमकला म्हणजे सर्वांआधीं नजरेंत भरतो. पुष्कळ नवशिके कडांना घुमट देतात आणि माथा मात्र चपटाच ठेवतात. माथ्यावरचा प्रकाशबिंदु खडा फिरवितांना अडखळत नाहीं ना, सरळ वाहत जातो ना, एवढें पाहिलें कीं ही चूक टळते.

आकार झाला, पण खडा अजून ओरखड्यांनीं भरलेला आणि फिका असतो. आतां २२० क्रमांकाचें चाक, मग ४००, ६००, १२००, आणि हिऱ्याचीं चाकें असल्यास त्याहूनही बारीक, अशा पायऱ्यांनीं जावयाचें. येथें नियम असा, कीं प्रत्येक पायरीनें मागील पायरीचे सर्व ओरखडे पुसले पाहिजेत. ते पुसले गेले कीं नाहींत हें ओल्या दगडावर कधींच कळत नाहीं, कारण पाणी ओरखडे भरून काढतें आणि खडा चकचकीत दिसतो. म्हणून तो पुसून कोरडा करावा आणि दिव्याखालीं तिरपा धरून भिंगानें पाहावा. प्रत्येक पायरीला घासण्याची दिशा बदलली तर मागचे ओरखडे आडवे पडून सहज ओळखूं येतात. पुढच्या पायरीला जाण्यापूर्वीं खडा, काडी, हात आणि नखेंसुद्धां धुवावीं. जाड कणाचा एकच दाणा बारीक चाकावर गेला तर तो तासाभराचें काम क्षणांत फुकट घालवितो.

शेवटची पायरी झिलईची. अकीकासाठीं नमद्याच्या किंवा चामड्याच्या चाकावर सेरियम ऑक्साइड या पुडीचा पाण्यांतला लेप देतात. दुसऱ्या जातींच्या खड्यांना अॅल्युमिना, कथलाचें किंवा क्रोमियमचें ऑक्साइड, अथवा हिऱ्याची अतिसूक्ष्म पूड वापरतात. चाक ओलसर, पण फार ओलें नको. लेप किंचित् वाळूं लागून चाक खड्याला ओढूं लागतें, त्या वेळींच खरी झिलई चढते. एक-दोन मिनिटांत खड्यावर खिडकीचें प्रतिबिंब स्पष्ट उमटतें. काडीवरून काढण्यासाठीं तो बर्फाच्या पेटींत थोडा वेळ ठेवावा, म्हणजे लाख आकसून खडा आपोआप सुटतो.

झिलई म्हणजे नेमकें काय? ती वरून लावलेली वस्तु नव्हे. खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश दाही दिशांना विखुरतो, आणि त्या पांढुरक्या विखुरलेल्या प्रकाशाखालीं दगडाचा रंग झांकला जातो. पाण्यांत बुडालेला गोटा सुंदर दिसतो आणि घरीं आणून वाळला कीं फिका पडतो, याचें कारण हेंच. प्रकाशलहरींची लांबी सुमारें ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. पृष्ठभागावरचे उंचवटे त्याहून पुष्कळ लहान झाले कीं प्रकाश विखुरत नाहीं. कांहीं शिस्तींत परावर्तन पावतो, बाकीचा आंत शिरून रंग घेऊन बाहेर येतो. झिलई हें अधिकाधिक बारीक घासणेंच होय असें न्यूटनचें मत होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं बिल्बी या शास्त्रज्ञानें दगडाचा अगदीं वरचा थर वाहून पसरतो असें मांडलें. सेरियम ऑक्साइड आणि पाणी यांची सिलिकेवर कांहीं रासायनिक क्रियाही होते, असें आतां मानतात. कसेंही असो, हौशी माणसाला यांतून एक गोष्ट पक्की कळते. मागल्या पायरीचा खोल ओरखडा झिलईनें झांकला जात नाहीं, तो अधिकच उठून दिसतो. झिलई चढत नसेल तर झिलईचें चाक बदलून उपयोग नाहीं, मागें जाऊन राहिलेली पायरी पुरी करावी लागते.

अकीकावर हात बसला म्हणजे दुसऱ्या खड्यांकडे वळावें, पण प्रत्येकाचा स्वभाव ओळखून. राजावर्तांत निरनिराळ्या टणकपणाचीं खनिजें मिसळलेलीं असतात, त्यामुळें मऊ भाग आधीं झिजून पृष्ठभाग खळगेदार होतो. तेथें हात हलका आणि चाक नवें पाहिजे. उपलांत पाणी असतें, म्हणून त्याला लाखेची आंच सोसत नाहीं. हिरव्या दाणेफिरंगांत तांबें असतें आणि त्याची धूळ विषारी, तेव्हां पाण्याचा नियम तेथें दुप्पट कडक समजावा. लसण्यासारख्या खड्यांत एकमेकांना समांतर असे सूक्ष्म तंतु असतात आणि त्यांना आडवी अशी प्रकाशाची रेघ घुमटावर उमटते. म्हणून बूड तंतूंना समांतर ठेवावें आणि खड्याची लांबी तंतूंना आडवी, म्हणजे मांजराच्या डोळ्यासारखी रेघ लांबीभर धांवते. तारांकित नीलमांत असे तंतु तीन दिशांना असतात, म्हणून सहा किरणांचा तारा दिसतो. बूड थोडें तिरपें कापलें गेलें कीं तारा माथ्यावरून घसरून एका कडेला जातो. या रत्नांना पैलू पाडले तर तो तारा दिसणारच नाहीं. घुमटी घाट हा गरीब दगडांचाच नव्हे, कांहीं अनमोल रत्नांचाही एकमेव घाट आहे.

यंत्र नसेल तर छंद करतां येणार नाहीं, असें मात्र नाहीं. जाड काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि पाणी घेऊन, नंतर रंगाऱ्यांच्या दुकानांत मिळणाऱ्या वॉटर पेपरावर ओल्यानें घासून, शेवटीं चामड्यावर सेरियम ऑक्साइडचा लेप देऊन हातानेंही खडा घडवितां येतो. अकीकाला अशा रीतीनें पुष्कळ तास लागतात, म्हणून प्रथम मऊ दगड घ्यावा. शाळेंतल्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकांतला लाव्हा आणि पदार्थविज्ञानांतलें परावर्तन या दोन्ही गोष्टी एकाच गारगोटींत दाखवावयाच्या असतील, तर याहून स्वस्त साधन मिळणार नाहीं. मोठ्या माणसांचें साह्य आणि पाण्याची बादली मात्र जवळ हवी.

या छंदानें कोणी श्रीमंत होत नाहीं. चार तास खपून तयार केलेला अकीकाचा खडा बाजारांत थोडक्या पैशांना मिळतो. पण तो एकदां स्वतः घडविला म्हणजे त्या थोडक्या पैशांचा अर्थ निराळा वाटूं लागतो. कोणत्या हातांनीं तो घासला, त्या हातांच्या शेजारीं पाण्याची धार होती कीं नव्हती, हा प्रश्न खडा विकत घेतांना आपण दुकानदाराला विचारूं लागतों. पुष्कळ गिऱ्हाइकें तो विचारूं लागलीं, तर ओल्या साणा आणि धूळ ओढून घेणारे पंखे कारागिरांच्या घरापर्यंत लौकर पोंचतील. आपल्या करमणुकीसाठीं जें पाणी आपण चाकावर सोडतों, तें ज्याचें पोट या धंद्यावर आहे त्यालाही मिळालें पाहिजे, एवढी जाण ज्याला आली, त्यानें हा छंद खऱ्या अर्थानें साधला असें म्हणतां येईल.